शिडाचा क्लेम नाकारलाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमच्या छोट्या शिडाच्या बोटीचा क्लेम अडकलाय. मांडव्याहून गेटवेकडे परतताना दुपारच्या वाऱ्यात डोलकाठीला बाजूने ताणून धरणारी तार तुटली, काठी मोडली आणि मोठं शीड टराटरा फाटलं.

कंपनी काठीचे पैसे द्यायला तयार आहे, शिडाचे नाही. म्हणे, वाऱ्याने फाटलेलं शीड विम्यात बसत नाही. आमच्या पॉलिसीला १९८५ची इन्स्टिट्यूट यॉट क्लॉजेस (खासगी बोटींच्या विम्याच्या ठरावीक अटी) लागू आहेत. त्यात तसं कलम आहे खरं, पण काठीच्या नुकसानीमुळे शीड फाटलं तर ते भरून मिळतं, असंही त्याच कलमात आहे. नुकसान तपासणारे सर्व्हेअरसाहेब बहुतेक ते कलम वाचताना अर्ध्यावरच थांबले!

तर काठी आधी मोडली हे सिद्ध कसं करायचं? तुटलेली तार आणि फाटकं शीड जपून ठेवलंय, फोटोही आहेत. शिडं शिवणाऱ्या कारागिराचं लेखी मत चालतं का, की स्वखर्चाने दुसरा परवानाधारक सर्व्हेअर आणावा? शिडावर एक-तृतीयांशापर्यंत घसारा कापण्याची मुभा कंपनीला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. असा बोटीचा वाद विमा लोकपालांकडे कोणी नेलाय का? कागदपत्रं काय लागली?