सेफ्टी स्टॉक ६११ की १११? (बीबीए शेवटचं वर्ष, प्रोजेक्ट)

टीवाय_एससीएम
जाणकारांनी जरा मदत करा. बीबीएला सप्लाय चेन हा विषय घेतलाय, प्रोजेक्ट चाकणजवळच्या एका स्पेअर पार्टच्या गोदामावर आहे. एकच आयटम निवडलाय: ऑइल सील, नगाला ६० रुपये. १२ महिन्यांची विक्री मिळाली. महिन्याची सरासरी ५२०, स्टँडर्ड डेव्हिएशन (चढउताराचं माप) ७०. लीड टाइम (ऑर्डर दिल्यापासून माल हाती येईपर्यंतचा काळ) २८ दिवस असं स्टोअरवाले सांगतात. ९५ टक्के सर्व्हिस लेव्हलला (माल न संपण्याची खात्री) झेड, म्हणजे त्या खात्रीसाठीचा तक्त्यातला गुणक, १.६५ घेतला. सेफ्टी स्टॉक, म्हणजे अडीअडचणीसाठी ठेवायचा जादा माल: १.६५ × ७० × √२८ = ६११. म्हणजे महिन्याभराच्या खपापेक्षा जास्त माल नुसता पडून राहणार! मैत्रिणीने याच आकड्यांवरून १११ काढलेत. स्टोअरवाले म्हणतात, "सव्वादोनशेच्या आसपास ठेवतो, पुरतात." वर गाइडना ईओक्यूही (एका वेळी किती मागवलं तर खर्च सर्वात कमी, तो आकडा) हवाय. घोळ नक्की कुठे आहे?

आकडेमोड
घोळ एककाचा आहे. ७० हे महिन्याचं डेव्हिएशन आणि √ खाली घातलेत दिवस. दोन्ही एकाच मापात हवेत. आठवड्यावर आणा: महिन्यात सरासरी ४.३३ आठवडे, म्हणून ७० ÷ √४.३३ = ३३.६. भागायचं ते वर्गमुळाने, ४.३३ ने नाही. इथे निम्मा वर्ग पडतो. कारण बेरीज होते ती व्हेरियन्सची (डेव्हिएशनच्या वर्गाची), डेव्हिएशनची नाही. लीड टाइम ४ आठवडे, म्हणून १.६५ × ३३.६ × √४ = १११. मैत्रिणीचं गणित बरोबर आहे.

आणि डेव्हिएशन एक्सेलमध्ये एसटीडीईव्ही डॉट एस ने काढलंय ना? डॉट पी वापरलं तर १२ महिन्यांच्या डेटावर उत्तर साधारण ४ टक्के कमी येतं.

पीओ_ते_जीआरएन
गणित बरोबर, पण उत्तर अपुरं. १११ मध्ये लीड टाइम दर वेळी अगदी ४ आठवडेच आहे असं गृहीत धरलंय. स्टोअरवाल्यांनी सांगितलेले २८ दिवस म्हणजे बहुतेक पीओवर (खरेदी ऑर्डरवर) छापलेला आकडा. तो घेऊ नका. गेल्या वर्षाचे सगळे पीओ काढा आणि प्रत्येकासमोर जीआरएनची (माल तपासून ताब्यात घेतल्याच्या नोंदीची) तारीख लिहा. सप्लायरच्या बिलाची तारीख नको, गेट एन्ट्रीचीही नको: माल गेटवर आला तरी तपासणी होऊन रॅकवर लागेपर्यंत तो विकता येत नाही. किती आठवडे लागले ते इथे टाका.

टीवाय_एससीएम
९ पीओ सापडले. आठवडे: ३, ४, ५, ३, ४, ६, ४, ३, ४.

पीओ_ते_जीआरएन
सरासरी ४, डेव्हिएशन बरोबर १ आठवडा. आता पूर्ण सूत्र: लीड टाइम गुणिले मागणीचा व्हेरियन्स, अधिक सरासरी मागणीचा वर्ग गुणिले लीड टाइमचा व्हेरियन्स, आणि या सगळ्याचं वर्गमूळ.

४ × ३३.६² = सुमारे ४,५२०
१२०² × १² = १४,४०० (१२० ही आठवड्याची सरासरी, ५२० ÷ ४.३३)
बेरीज १८,९२०, वर्गमूळ १३७.५, गुणिले १.६५ = २२७

रीऑर्डर पॉइंट (साठा इथवर उतरला की नवी ऑर्डर टाकायची) = ४ × १२० + २२७ = ७०७.

स्टोअरवाल्यांचे सव्वादोनशे आले की नाही! ती दुसरी ओळ नीट बघा. तीन चतुर्थांशाहून जास्त अनिश्चितता सप्लायरच्या तारखांमधून येतेय, गिऱ्हाइकांकडून नाही. प्रोजेक्टच्या शिफारशीत "फोरकास्टिंग सुधारावे" असं ठरलेलं वाक्य टाकू नका, इथे त्याचा फारसा उपयोग नाही. माल वेळेवर आणायची सोय झाली आणि डेव्हिएशन अर्ध्या आठवड्यावर आलं, तर सेफ्टी स्टॉक १५० च्या आत येतो. करून बघा.

रॅक_नंबर_७
एक विसरताय सगळे. ५२० ही विक्री आहे, मागणी नाही. ज्या महिन्यात माल संपला होता त्या महिन्यात विक्री कमी दिसणारच. स्टॉक रजिस्टरमधून शून्य शिल्लक असलेले दिवस शोधा. २५ कामाच्या दिवसांपैकी ५ दिवस माल नव्हता आणि विक्री ४०० झाली, तर मागणी ४०० ÷ २० × २५ = ५०० धरा. तसंच उलटं: एखाद्या फ्लीटवाल्याने एकदम २०० उचलले असतील तर ती नोंद वेगळी काढा. अशी ऑर्डर आधी कळत असते, तिच्यासाठी वर्षभर रॅक अडवायचा नसतो. पावसाळ्याआधी किंवा दिवाळीआधी दरवर्षी खप वाढत असेल तर तोही या ७० मध्ये मिसळलाय, आणि मग √ चं सूत्रच लंगडं पडतं. एक आठवडा दुसऱ्यापासून स्वतंत्र आहे असं ते मानतं.

आकडेमोड
ईओक्यू राहिलंच. वर्षाची मागणी ६,२४०. एका ऑर्डरचा खर्च ४०० आणि साठवणूक किमतीच्या २० टक्के, म्हणजे नगाला १२ रुपये, असं धरलं तर √(२ × ६,२४० × ४०० ÷ १२) = ६४५. हे ४०० आणि २० टक्के उदाहरणापुरते आहेत, तुम्ही अकाउंट्सकडून घ्या. ऑर्डरच्या खर्चात परचेसवाल्याचा पगार घालू नका. एक ऑर्डर कमी केल्याने तो वाचत नाही.

आता ६४५ हा आकडा देव्हाऱ्यात ठेवू नका. ६४५ ला वर्षाचा ऑर्डर आणि साठवणुकीचा खर्च ७,७४० रुपये, ८०० ला ७,९२०. फरक अवघा १८० रुपये. बॉक्स ५० चा असेल तर खुशाल ६५० मागवा.

व्हायवात ९५ टक्क्यांवर हमखास अडवतात. १०० पैकी ९५ गिऱ्हाइकांना माल मिळेल, असा त्याचा अर्थ नाही. १०० ऑर्डर-चक्रांपैकी ९५ चक्रांत माल संपणार नाही, असा आहे. वर्षाला साधारण १० ऑर्डर, म्हणजे दोन वर्षांत एखादा खडखडाट. नगांच्या हिशेबाने फिल रेट (मागितलेल्या नगांपैकी लगेच देता आलेले) ९९.५ टक्क्यांच्या आसपास जातो. दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडा.

पीओ_ते_जीआरएन
शेवटचं. तिथे स्टॉक रोज बघतात की फक्त सोमवारी, हे विचारा. ७०७ हा रोज बघणाऱ्यांचा आकडा. सोमवारीच बघत असतील तर मधे आठवडाभर कुणाचं लक्ष नाही, म्हणून पहिल्या ओळीत ४ ऐवजी ५ आठवडे: सेफ्टी स्टॉक २३४, रीऑर्डर पॉइंट ६०० + २३४ = ८३४. हा थोडा सढळ हाताने धरलेला आहे. आणि याच्याशी ताडायचा तो नुसता रॅकवरचा माल नाही. त्यात वाटेतला मालही मिळवायचा. रॅकवर ३०० आणि वाटेत ६५० असतील तर तुमच्याकडे ९५० आहेत, ऑर्डर टाकायची नाही. एक्सेलमध्ये हा कॉलम सुटला की दर सोमवारी नवी ऑर्डर पडते आणि महिन्याभराने सगळं एकदम गेटवर येऊन उभं राहतं.