व्हिटसंडे बेटं: शिडाची बोट, स्नॉर्केलिंग आणि सोबत आई-बाबा. सल्ला हवा

काठावरची:
सप्टेंबरच्या सुट्टीत मेलबर्नहून एअर्ली बीचला (बेटांवर जायला इथूनच बोटी निघतात) जातोय. सहा दिवस कटामरान (दोन सांगाड्यांची शिडाची बोट) भाड्याने घेऊन स्वतःच चालवायचा विचार आहे. नवऱ्याला लहान शिडाच्या बोटींचा सराव आहे. मुलगी अकरा वर्षांची. रत्नागिरीहून आई-बाबा येताहेत. आईला पोहता येत नाही, पण प्रवाळ बघायचेच आहेत. लायसन्स लागतं का? कुठे उतरावं?

उधाणवारा:
लायसन्स लागत नाही. निघण्याआधी कंपनी माहिती देते, बोट चालवून घेते. रोज रेडिओवर ठावठिकाणा कळवायचा आणि दुपारी चारच्या आत मुक्कामाला लागायचं. हा नियम मनापासून पाळा, ऊन कलल्यावर पाण्याखालचे प्रवाळ दिसत नाहीत.

बाहेरच्या मोठ्या रीफचा (ग्रेट बॅरियर रीफ, प्रवाळांची रांग) हट्ट नको. हुक बेटाच्या उत्तरेला मँटा रे बे आणि बटरफ्लाय बे आहेत, दक्षिण-पूर्वेच्या वाऱ्यापासून आडोसा मिळतो. २०१७ च्या डेबी वादळात इथले प्रवाळ फार मोडले. ते सावरताहेत, म्हणून कळकळीने सांगतो: नांगर प्रवाळावर पडता कामा नये. निळे सार्वजनिक बोये (बोट बांधायचे तरंगते गोळे) असतात, त्यांनाच बोट बांधा. पांढऱ्या पिरॅमिडसारख्या खुणांच्या आत, किनाऱ्याकडे, नांगर टाकायला बंदी आहे. नकाशावरच्या हिरव्या पट्ट्यात मासेमारीही नाही, गळसुद्धा नाही.

रापण:
तारीख ठरवताना कालनिर्णय बघा! अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला तिथे पाणी तीन मीटरहून जास्त चढतं-उतरतं, ओढ जबरदस्त आणि पाणी गढूळ. अष्टमीच्या सुमाराला भांग (कमी चढ-उताराची भरती-ओहोटी) असते, पाणी संथ आणि नितळ. बाबांना हे सांगावं लागणार नाही.

आईंना लाइफ जॅकेट घालून डिंगीच्या (सोबतच्या छोट्या होडीच्या) दोरीला धरून तरंगू दे, फक्त मास्क पाण्यात. एक जण कायम शेजारी हवाच. माझ्या सासूबाईंनी असंच पाहिलं, वर आल्यावर बराच वेळ बोलल्याच नाहीत.

जेलीफिशचा मुख्य मोसम पुढे असतो, तरी अंगभर सूट सगळ्यांनी घाला. आणि व्हेल दिसलेच तर ३०० मीटर लांब राहा.

उधाणवारा:
भांगेचा मुद्दा अगदी बरोबर, मी विसरलो होतो. एक रात्र नारा इनलेटमध्ये काढा. वर चढून गेलं की इथल्या मूळ रहिवासी न्गारो लोकांची गुहाचित्रं आहेत.

काठावरची:
खूप आभार. बाबांना फोन केला, त्यांनी अष्टमी आधीच काढून ठेवली होती. त्याच आठवड्याची बोट मागते.