मदत हवी आहे : अपघाती मृत्यूचा क्लेम, मृत्यूनंतर भरलेला आयटीआर (आयकर रिटर्न) चालेल का? (इंदूर)

मंडळी, माझा मावसभाऊ देवासजवळ ट्रकच्या धडकेत गेला. वय ४२, इंदूरला किराणा दुकान. मागे वहिनी, दोन लहान मुलं, मावशी.

कुटुंब इंदूरचं, म्हणून मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ चा भरपाईचा दावा इथल्याच अपघात दावा ट्रायब्युनलमध्ये लावतोय. मुदत सहा महिन्यांची, त्यामुळे चालानची (पोलिसांच्या आरोपपत्राची) वाट बघणार नाही. एफआयआर, पोस्टमॉर्टेम रिपोर्ट, ट्रकच्या विम्याची प्रत हाती आहे.

अडचण उत्पन्नाची. शेवटचा आयटीआर ३,६०,००० चा. तो धरला तर स्वतःचा धंदा म्हणून पुढच्या उत्पन्नवाढीपोटी २५ टक्के वाढ, म्हणजे ४,५०,०००. चार आश्रित, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा, ३,३७,५००. वयानुसार गुणक १४, म्हणजे ४७,२५,०००. पण हा रिटर्न वहिनींनी वारस म्हणून मृत्यूनंतर भरलाय. आधीचे दोन बरेच कमी आहेत. विमा कंपनी नेमकं इथेच बोट ठेवणार, आणि आकडा खाली आला की फरक थेट १४ पट पडतो. पोरांच्या शिक्षणाचा प्रश्न आहे हो.

जीएसटी रिटर्न, बँक स्टेटमेंट आणि घाऊक व्यापाऱ्यांची बिलं जोडून हा आकडा टिकतो का? सीएंची साक्ष लागेल का? इथल्या जिल्हा कोर्टात असे दावे चालवणारे कुणी असतील तर कृपया सांगा.