मदत हवी आहे: काकांची लीव्हरवाली विंचेस्टर, लायसनवर नुसतं ".३२ बोर", काडतूस नक्की कुठलं?

लश्करवाला (ग्वाल्हेर):

नमस्कार मंडळी. आमच्या काकांकडे एक जुनी रायफल आहे, त्यांच्या वडिलांनी संस्थानाच्या काळात घेतलेली, खाली लीव्हर असलेली, म्हणजे हाताने लीव्हर खाली-वर केला की पुढचं काडतूस चढतं तसली. काकांनी सत्तरी ओलांडली आणि त्यांना मूलबाळ नाही, म्हणून त्यांनी वारस म्हणून माझं नाव दिलं, आणि कलेक्टोरेटच्या आर्म्स शाखेत भरपूर चकरा मारून अखेर लायसन माझ्या नावावर आलं. इथपर्यंत सगळं ठीक.

आता अडचण अशी की लायसनच्या पुस्तकात लिहिलंय "रायफल .३२ बोर" (बोर म्हणजे नळीच्या भोकाचं माप), बस. इथल्या महाराज बाडा चौकाजवळच्या एका गन हाऊसवाल्याकडे गेलो तर तो म्हणतो घ्या की, .३२ ची काडतुसं आहेत, आणि रिव्हॉल्व्हरचं पाकीट पुढे सरकवलं. मी म्हटलं अहो ही रायफल आहे, तर म्हणे बोर तोच आहे, गोळी त्याच नळीतून जाईल, गावाकडे लोक चालवतात. मला काही पटलं नाही, म्हणून विकत न घेता परत आलो.

नळी अष्टकोनी आहे आणि लांब आहे, बटाच्या मागची लोखंडी पट्टी चंद्रकोरीसारखी आत वळलेली. नळीच्या खाली दुसरी नळी आहे ज्यात काडतुसं राहतात. मागच्या निमुळत्या पट्टीवर मॉडेल १८९२ वाचता येतं, आणि नळीवर रिसीव्हरच्या (मधला लोखंडी सांगाडा, ज्यात लीव्हर आणि घोडा बसतो) जवळ ३२ डब्ल्यू.सी.एफ. असं कोरलंय. नळीच्या आत टॉर्च मारला तर आटे (आतल्या वळणदार खाचा) दिसतात पण मध्ये थोडं काळसर आहे. शिवाय काकांच्या लाकडी पेटीत डबीभर जुनी काडतुसं निघाली, पितळ हिरवं पडलंय, गोळ्या शिशाच्या, बुडावर तेच अक्षर.

शिकारीचा काहीही विचार नाही, १९७२ नंतर ते सगळं बंदच आहे आणि ते बरंच आहे. फक्त कधीतरी कायदेशीर रेंजवर दोन-चार बार काढून बघायचे आहेत, तेवढीच इच्छा. तर ती जुनी काडतुसं चालतील का, नवीन कुठली घ्यायची, आणि रिव्हॉल्व्हरवालं खरंच चालतं का? जाणकारांनी सांगा प्लीज.

जुनी_नळी:

आधी एक काम करा, त्या गन हाऊसवाल्याकडून काडतूस घेऊ नका. घेतलं नाहीत ते उत्तम केलंत.

३२ डब्ल्यू.सी.एफ. म्हणजे विंचेस्टरचं .३२-२०, १८८२ साली १८७३ मॉडेलसाठी काढलेलं. ३२ हा बोर आणि २० म्हणजे मूळ काळ्या दारूचं वजन, २० ग्रेन. आपल्याकडे खडकीच्या सरकारी कारखान्याचं जे .३२ मिळतं ते .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, रिव्हॉल्व्हरचं. दोघांच्या गोळीची जाडी जवळजवळ सारखी आहे, आणि घोळ नेमका इथेच होतो, कारण गोळी नळीत बसते म्हटल्यावर लोकांना वाटतं काम झालं. पण पुंगळी, म्हणजे दारू भरलेलं पितळी नळकांडं, वेगळी आहे. .३२-२० ची पुंगळी बुडाशी साधारण ९ मिलिमीटर जाड आणि पुढे मानेपाशी बारीक होत जाणारी, रिव्हॉल्व्हरची सरळ आणि ८.६ च्या आसपास. रिम, म्हणजे बुडाची कड, ती पण १०.४ विरुद्ध ९.५. म्हणजे रिव्हॉल्व्हरचं काडतूस तुमच्या चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती जागा) सैल खुळखुळेल, बार निघाला की पितळ फुगून भिंतीला टेकायला बघेल, आणि तेवढं ताणलं गेलं नाही तर चिरेल. चिरलं की गॅस मागे येतो, आणि मागे तुमचा चेहरा असतो. ०.४ मिलिमीटर ऐकायला काही नाही हो, पण पितळाला ते फार आहे.

दुसरं, लांबी. .३२-२० चं अख्खं काडतूस ४०.४ मिलिमीटर, रिव्हॉल्व्हरचं ३२.५. खालच्या नळीतून एकेक काडतूस उचलून वर देणारा जो लिफ्टर असतो तो ठराविक लांबीसाठी बेतलेला आहे. आखूड काडतूस दिलंत की मागोमाग येणाऱ्या काडतुसाचं बूड पण आत घुसतं आणि सगळं अडकून बसतं.

तात्या_कंपू:

आमच्याकडे चंबळच्या बाजूला सर्रास चालवतात बरं का, काही होत नाही. माझ्या मामांनी एका जुन्या रायफलमध्ये रिव्हॉल्व्हरची गोळी कितीतरी वेळा चालवली. लग्नात तर...

जुनी_नळी:

तात्या, लग्नातलं इथे सांगू पण नका, २०१९ च्या दुरुस्तीनंतर हर्ष फायरला, म्हणजे आनंदाच्या भरात केलेल्या गोळीबाराला, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. आणि मामांना काही झालं नाही हा पुरावा नाही. मामांच्या रायफलचा बोर नक्की कुठला होता ते तरी माहीत आहे का? कारण विंचेस्टरच्याच लीव्हर रायफलींमध्ये .३२ नावाची तीन निरनिराळी काडतुसं आहेत. एक हे .३२-२०, दुसरं .३२-४०, तिसरं .३२ विंचेस्टर स्पेशल, शेवटची दोन १८९४ मॉडेलमध्ये. स्पेशलची नुसती पुंगळीच जवळजवळ ५२ मिलिमीटर आहे. वर रिव्हॉल्व्हरचं वेगळं आणि पिस्तुलाचं वेगळं. सगळ्यांना कागदावर ".३२ बोर" म्हणायचं आणि मोकळं व्हायचं, ही आपल्याकडच्या बाबूंची सवय.

मीनल_इंदूर:

लश्करवाला दादा, मॉडेल १८९२ च आहे याची अजून एक खूण सांगते. रिकामी आहे याची खात्री करून लीव्हर पूर्ण खाली ओढा. रिसीव्हरच्या तळाची पट्टीच लीव्हरबरोबर खाली उतरली तर ती १८९४. तळ जागेवर राहिला आणि बोल्टच्या (काडतुसाच्या मागे नळी बंद करणारा लोखंडी दांडा) मागच्या बाजूला डावी-उजवीकडे दोन उभे लोखंडी ठोकळे खाली-वर होताना दिसले तर १८९२. जॉन ब्राउनिंग या बंदूक-रचनाकाराचं डिझाइन आहे ते, त्या दोन ठोकळ्यांमुळे बोल्ट घट्ट धरला जातो, १८७३ च्या सांध्यांपेक्षा पुष्कळच दणकट. आमच्या आजोबांच्या घरी अशी एक होती, आवाज इतका गोड, खट-खटाक. मुलं नुसता लीव्हर हलवायला मिळावा म्हणून भांडायची. अर्थात आजोबा हात लावू देत नसत.

लश्करवाला (ग्वाल्हेर):

मीनल ताई धन्यवाद, आत्ताच बघितलं, तळ जागेवरच आहे आणि ते दोन ठोकळे दिसतात. म्हणजे १८९२ पक्कं. सगळ्यांचे आभार, आता प्रश्न असा की मग काडतूस मिळणार कुठून? आणि जुन्या डबीचं काय? आणखी एक, इथला एक मिस्त्री म्हणतोय की नळी बदलून .३१५ करून देतो, मग काडतुसाची चिंता मिटली, कारण .३१५ कुठेही मिळतं. खरं सांगू तर मला ते ऐकून जरा बरं वाटलं होतं.

जुनी_नळी:

नको नको नको. पहिलं म्हणजे .३१५ ची काडतुसं त्या रिसीव्हरमध्ये मावणारच नाहीत, अख्खं काडतूस ७६ मिलिमीटर, तुमच्यापेक्षा जवळपास दुप्पट. त्याचा दाब पण त्या ॲक्शनच्या (काडतूस चढवणारी आणि बोल्ट बंद करणारी यंत्रणा) कुवतीबाहेरचा. इशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ ही बोल्ट ॲक्शन, म्हणजे हाताने बोल्ट मागे-पुढे सरकवायची, आहे, लीव्हरच्या ह्या नाजूक नगाचा आणि तिचा काही संबंध नाही. दुसरं म्हणजे लायसनशिवाय हत्यारात असा बदल करणं आर्म्स ॲक्टमध्ये गुन्हा आहे, मिस्त्रीबरोबर तुम्हीही अडकाल. तिसरं, शंभर वर्षांची मूळ नळी कापून फेकायची म्हणजे वस्तूची किंमतच संपली.

डबीतली काडतुसं चालवू नका. पितळ हिरवं पडलंय म्हणजे ते आतून ठिसूळ झालेलं असू शकतं, आणि त्या काळच्या प्रायमरमध्ये (बुडातली ठिणगी देणारी टोपी) जे असायचं त्याने नळी पण गंजते. कधी जुनं काडतूस चाप ओढूनही पेटलं नाही तर लगेच लीव्हर उघडायचा नाही, नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबायचं, उशिरा पेटतात कधीकधी. पण तुम्ही तिथपर्यंत जाऊच नका. ती काडतुसं लायसनच्या हिशोबात आहेत का हे पहिलं बघा, नसतील तर पोलीस थाण्यात किंवा गन हाऊसमध्ये रीतसर जमा करून पावती घ्या. बिनहिशोबी काडतूस घरात असणं हाच एक वेगळा गुन्हा आहे.

नवीन .३२-२० आपल्याकडे सरकारी ऑर्डनन्स कारखानेवाले बनवत नाहीत. कुणाकडे जुना साठा पडला असेल तर पडला असेल, पण घ्यायच्या आधी पाकीट आणि बुडावरचा शिक्का स्वतः वाचायचा. घरी काडतुसं भरायचा विचार डोक्यात आणूच नका, त्याला लायसन लागतं.

वडोदरेकर:

मी रायफलीतला नाही पण कागदांतला आहे म्हणून सांगतो. बोरची नोंद दुरुस्त करून घ्या. आर्म्स शाखेत अर्ज द्या की नळीवर असं-असं कोरलंय, लायसनमध्ये अपुरं लिहिलंय, ते पूर्ण लिहावं, फोटो जोडा आणि हत्यार दाखवायची तयारी ठेवा. नोंद बरोबर नसेल तर उद्या खरं काडतूस सापडलं तरी गन हाऊसवाला देणार नाही, आणि देणारा असेल तर तो देऊ नये तेच देतोय. आणि २०१९ नंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, वारसाहक्काने आली तरी त्यात सूट नाही, तेव्हा घरात आधीच दुसरी-तिसरी असेल तर हिशोब बघून ठेवा. लायसनची मुदत पण आता पाच वर्षांची आहे, आधी तीनची होती.

लश्करवाला (ग्वाल्हेर):

वडोदरेकर साहेब, हे कुणीच सांगितलं नव्हतं. माझ्याकडे दुसरं काही नाही, एवढीच. अर्ज लिहायला घेतलाय, आणि काकांनाही सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, मी तर लहानपणापासून .३२ म्हणतोय आणि बाबा "बत्तीस-वीस" म्हणायचे, आम्हाला वाटायचं ते बंदुकीचं टोपणनाव आहे. मिस्त्रीला नाही सांगितलं, नळी जशी आहे तशीच राहील. बार काढण्याचा नाद बहुतेक सोडावा लागणार, कपाटात शोभा म्हणून का होईना पण कागद नीट हवेत.

एक शेवटचं. आचारसंहिता लागली की आमच्याकडे हत्यार जमा करायला लावतात, आणि थाण्याच्या मालखान्यात ओल असते, काकांची रायफल गेल्या वेळी तिथून गंजून आली होती. जमा करताना काय काळजी घ्यायची? घोडा अर्धा चढवून ठेवायचा का?

मीनल_इंदूर:

जमा करायचीच असेल तर अधिकृत गन हाऊसमध्ये जमा होऊ शकते का ते विचारा, बऱ्याच ठिकाणी चालतं, तिथे निदान ओल कमी असते. पण तो पाकीट पुढे सरकवणारा सोडून दुसरा गाठा बाई.

जुनी_नळी:

घोडा अर्ध्यावर ठेवायचा तो भरलेली असताना, ह्या मॉडेलला तेवढीच एक सेफ्टी आहे. जमा करताना आधी मॅगझिनची नळी आणि चेंबर दोन्ही रिकामं. या रायफलीचं मॅगझिन एरवी खाली होत नाही, प्रत्येक काडतूस लीव्हरने वरून बाहेर काढावं लागतं, तेव्हा ते करताना बोट चापापासून लांब ठेवायचं आणि नळी कोणाकडे नाही हे बघायचं. मग अंगठ्याने घोडा धरून चाप ओढून हळूच पूर्ण खाली उतरवा, स्प्रिंग ढिली राहते. नळीत आणि बाहेरून बंदुकीच्या तेलाचा पातळ हात फिरवा, आणि चामड्याच्या किंवा कापडी म्यानात अजिबात बंद करू नका, ते ओल धरून ठेवतं आणि गंज चढतो तो तिथूनच. मालखान्यात टाकायचीच वेळ आली तर कोरड्या सुती कपड्यात सैल गुंडाळून द्या.

आणि पावती. सीरियल नंबर रिसीव्हरच्या खालच्या अंगाला पुढे कोरलेला असतो, तो तुम्ही स्वतः वाचून, पावतीवर स्वतःसमोर लिहून घ्या, आणि जमा करायच्या आधी चारही बाजूंनी फोटो काढा. हवालदाराने एकाचा सात केला की परत आणताना तुम्हालाच सिद्ध करत बसावं लागतं की ही माझीच आहे.