आजोबांचं काळं कपाट खरंच डच एबनीचं आहे का? (बडोदा)

रावपुरेकर: जुनं घर रिकामं करतोय, माळ्यावरून आजोबांचं एक बुटकं काळं कपाट निघालं, दोन दारं आणि आत बारीक बारीक खण. जुन्या फर्निचरवाला म्हणतो डच एबनी (ते काळं, जड लाकूड) आहे, सतराव्या शतकातलं, आणि त्याच दमात म्हणतो पंधरा हजारात देऊन टाका. एवढं भारी आहे तर पंधराच का?? कोणाला कळतं का यातलं

लाकूडवेडी: दादा देऊ नका इतक्यात! आधी एक खण पूर्ण बाहेर काढा आणि मागची बाजू बघा. अ‍ॅमस्टरडॅमची ती कपाटं अख्खी एबनीची नसायची, आत ओकचा सांगाडा आणि वरून एबनीचं पातळ विनियर (लाकडाचा चिकटवलेला पापुद्रा), कारण लाकूड महाग, लांबून यायचं (१६३८ मध्ये डचांनी मॉरिशसवर वस्ती केली, तिथलं एबनी तोडून न्यायचे) आणि वजन इतकं की पाण्यात टाकलं तर बुडतं. कडेच्या पट्ट्यांवर लाटा लाटा आहेत का? त्या छिन्नीने कोरत नसत, लाटांच्या साच्यावरून सरकवत पातं वरखाली होईल तसं पुन्हा पुन्हा खरवडायचे, मिस्त्रीचा हात तिथे कळतो. फोटो टाका.

जुनापुराणा: यातला मोठा कारागीर हर्मन डोमर. डच चित्रकार रेम्ब्राँने १६४० साली त्याचं पोर्ट्रेट केलंय, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे, मोठी काळी हॅट, पांढरी कॉलर. बघा नेटवर, सुताराचा असा थाट मी तरी दुसरीकडे पाहिला नाही 😄 पोरगा लॅम्बर्ट चित्रकार झाला.

ग्वाल्हेरी: एबनी म्हणजे आपल्या तेंदूचाच भाऊबंद हो, ज्याच्या पानात विडी वळतात. आणि डच म्हटलं की हॉलंडमध्येच बनलं असंही नाही, कोरोमंडल किनाऱ्यावर आपलेच कारागीर अख्ख्या एबनीच्या कोरीव खुर्च्या करायचे. इंग्लंडातला अठराव्या शतकातला लेखक होरेस वॉलपोल त्या खुर्च्या ट्यूडर काळातल्या (म्हणजे सोळाव्या शतकाच्या आसपासच्या, इंग्लंडातल्याच) समजून गोळा करत बसला होता, मग तुमच्या फर्निचरवाल्याचं काय घेऊन बसलात

रावपुरेकर: खण काढला. मागे चक्क साग. लाटाबिटा काही नाहीत. आईला विचारलं तर म्हणे काळं पॉलिश तिच्या लग्नाच्या वेळी मारून घेतलं होतं, घरातलं बाकी फर्निचर काळं होतं म्हणून. आता त्याला हे सांगू, की गप्प पंधरा घेऊन मोकळा होऊ?

लाकूडवेडी: जुना साग आहे ना मग तर मुळीच विकू नका, पॉलिश खरवडून घरात ठेवा