पेव जोडीने माणूस घेते: तापीकाठच्या आमच्या वाड्याच्या भूतकथा

प्रश्न (तापीकाठचा)

चोपडा तालुक्यात तापीच्या काठी असलेल्या आमच्या गावी पणजोबांनी बांधलेला धाब्याचा, म्हणजे सपाट मातीच्या छताचा, दुमजली वाडा आहे. शेवटचे बिऱ्हाड हलल्यापासून त्यात दिवा लागलेला नाही. गावात त्याच्याविषयी तीन गोष्टी सांगितल्या जातात. माजघरातील पेवात, म्हणजे धान्य साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यात, ‘ती’ राहते आणि ती एकटादुकटा माणूस घेत नाही, जोडीने घेते, ही पहिली. रात्री धाब्यावरून कोणीतरी चालते आणि मध्येच किंचाळते, ही दुसरी. मागच्या भिंतीत उगवलेल्या पिंपळावर मुंजा आहे, ही तिसरी. आखाजीनंतर (अक्षय तृतीयेनंतर) वाडा उतरवून सागवान विकायचे भावकीत ठरले आहे, पण गावातील एकही मजूर कुदळ लावायला तयार नाही. भूत असते की नसते या वादात मला शिरायचे नाही. या कथा कशातून जन्मल्या असाव्यात, एवढे समजून घेऊन ते लिहून ठेवायचे आहे. आत्याला विचारले तर ती “तठे काहीतरी शे” (तिथे काहीतरी आहे) एवढेच म्हणते आणि विषय बदलते.

उत्तर (गिरणेचा शेतकरी)

तीनपैकी पेवाची गोष्ट मी सर्वांत गंभीरपणे घेईन, कारण ती जवळजवळ शब्दशः खरी असू शकते. ज्वारीने भरलेले पेव तोंड लिंपून बंद केले की आतील दाणा, ओल, कीड आणि बुरशी मिळून हवेतील प्राणवायू वापरतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. हा वायू हवेच्या सुमारे दीडपट जड असल्याने तळाशी साचून राहतो. त्याला रंग नाही, वास नाही. धान्य काढायला उतरलेला माणूस आवाजही न करता खाली बसतो. वरून पाहणाऱ्याला वाटते की त्याला घेरी आली, म्हणून भाऊ किंवा सालदार त्याला काढायला उतरतो आणि तोही तेथेच राहतो. ‘जोडीने घेते’ हे त्यातून आले असावे. दुसरा माणूस नेहमी वाचवायला गेलेला असतो.

जुनी माणसे आधी दोरीने पेटता कंदील खाली सोडत आणि तो विझला तर कोणालाही उतरू देत नसत. आज मात्र केवळ कंदिलावर विसंबू नये, कारण जिवाला धोका पोहोचेल इतका वायू असतानाही ज्योत तगू शकते. झाकण उघडून ठेवल्याने हा वायू आपोआप वर येत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. आपल्याला तर उतरण्याची गरजच नाही. पेव वरूनच मुरूम टाकून भरून घ्यावे आणि मजुरांना हे कारण सरळ सांगावे. भुताला न मानणारा मजूरसुद्धा त्या पेवात मरू शकतो.

उत्तर (पिंगळा)

किंचाळणारे जे कोणी आहे ते बहुधा गव्हाणी घुबड असावे. पांढुरके, बदामाच्या आकाराचे तोंड असलेला हा पक्षी ओसाड माड्यांमध्ये राहतो, त्याच्या उडण्याचा आवाज होत नाही, आणि तो इतर घुबडांसारखा घुमत नाही, तर कर्कश चिरकतो. पिल्ले भूक लागली की तासन् तास घोरल्यासारखा आवाज काढतात. माडीवर केस आणि हाडे दडपलेल्या काळपट गोळ्या सापडल्या, तर त्या त्याने ओकलेल्या उंदरांच्या समजाव्यात. पावलांचे म्हणाल, तर दिवसभर ४४-४५ अंशांत तापलेल्या सागाच्या तुळया रात्री निवताना कडकडतात. त्याच दिवसांत सारे गाव धाब्यावर झोपलेले, म्हणजे ऐकायला कान भरपूर. मुंज्याचा पिंपळ पाखरांच्या विष्ठेतून रुजला असणार. मुंज्याच्या भीतीने तो कोणी उपटला नाही, आणि पुढे मुळांनी फाकवलेली भिंत मुंज्याच्याच नावावर चढली. उतरवण्याआधी माडीवर अंडी-पिल्ले आहेत का, तेवढे कृपया पाहावे.

उत्तर (माहेरवाशीण, शिरपूर)

वरील दोन्ही स्पष्टीकरणे पटतात, तरी एक प्रश्न उरतोच. वायूला साडी कोणी नेसवली? आपण लिहिले आहे की पेवात ‘ती’ राहते. आमच्या आजोळच्या वाड्यातही अशीच एक हिरव्या लुगड्यातील बाई होती. आजी थकल्यावर एकदा बोलली, तेव्हा कळले की घरात लागोपाठ दोन मृत्यू झाल्यावर एका निपुत्रिक विधवेला डाकीण ठरवून रातोरात घराबाहेर काढले होते. तिचा जमिनीतील वाटा कोणाकडे गेला, हे विचारल्यावर आजी गप्प झाली. सातपुड्याच्या पायथ्याला हे आजही सर्वस्वी संपलेले नाही. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि एखाद्या बाईला चेटकीण ठरवून छळणे हा त्यानुसार गुन्हा आहे. आजीच्या काळी तो नव्हता. आपल्या आत्याबाईंना भुताविषयी विचारू नका. त्या घरातून कोण गेले, असे विचारा, आणि शक्यतो पुरुष मंडळी घरात नसताना विचारा.

पुन्हा (तापीकाठचा)

सर्वांचे आभार. माडीवर सात-आठ काळ्या गोळ्या मिळाल्या. एक फोडली तर आत उंदराची अखंड कवटी होती. पिल्ले नाहीत. पेव मुरुमाने भरून देण्याचे मान्य केल्यावर अमळनेरकडील एक टोळी कामाला तयार झाली आहे.

ताईंनी सांगितल्याप्रमाणे मी दुपारी, सगळे शेतात गेलेले असताना, आत्याला विचारले. ती ज्वारी निवडत होती. सूप खाली ठेवून बराच वेळ बसली. पेवात गेलेले दोघे सख्खे भाऊ होते, पणजोबांचे पुतणे. धाकट्याची बायको तेव्हा सतरा-अठरा वर्षांची होती. पेव उघडताना तिची सावली पडली, असे कोणीतरी म्हणाले, आणि पुढच्याच आठवड्यात तिला बैलगाडीत बसवून माहेरी पाठवले, ती परत आली नाही. आत्याने तिचे नाव सांगितले. ते मी वहीत लिहिले आहे, येथे लिहीत नाही. पेवाच्या तोंडावरची फरशी मात्र विकायची नाही, असे आत्याने मला दोनदा बजावले.