मदत हवी आहे : तेरणाकाठच्या गावाचे जुने कागद

औसा तालुक्यातील आमचे गाव तेरणेच्या काठी होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर ते नव्या जागी वसले आणि जुन्या पांढरीवर, म्हणजे गावठाणावर, गढीची पडकी माती तेवढी उरली. काळी, म्हणजे शेतजमीन, मात्र तीच राहिली, म्हणून शेतांची जुनी नावे अजून म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहेत, आणि ती माणसे आहेत तोवरच सारे नोंदवून घ्यावे अशी माझी तळमळ आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात असल्याने घरातील कागद उर्दूत व मोडीत आहेत. ते वाचून देणारे जाणकार लातूर-धाराशिव भागात कोणी आहेत का? तसेच १९५४ च्या खासरा पत्रकासाठी (शेतजमिनीच्या जुन्या सरकारी नोंदीसाठी) तहसील कार्यालयात अर्ज करावा की भूमी अभिलेख कार्यालयात, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.